राजूच्या पाहुण्यांसाठी घर

"आणू की," एवढंच जवरीलाल म्हणाला होता. पुढे जे काही घडलं ते या दोन शब्दांनी घडवलं, आपला त्यात काही हात नव्हता, असं तो अजूनही सांगतो. (ऐकणारं कोणी मिळालं तर.)

श्रावण सरत आला होता. जळगावच्या बाजारातल्या त्याच्या सरकी-ढेपेच्या दुकानात गिऱ्हाइकांची दाटी झाली होती. मुनीम गावाला गेलेला, काट्यावर पोतं चढवलेलं, आणि अशा वेळी त्याची मुलगी राजकुंवर दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. राजू नववीत होती आणि इतकी गप्प होती की तिचं असणं लोकांच्या ध्यानातच येत नसे. एका गिऱ्हाइकाने तर आपली ओली छत्री तिच्या हातात धरायला दिली आणि जाताना "शाबास" म्हणून परत घेतली.

शेवटी तिने तोंड उघडलं. "बापूजी, आमच्या शाळेतल्या फिरकेबाईंचे भाऊ धुळ्याला असतात. त्यांची बदली झाली. त्यांच्याकडे गिनीपिगांची जोडी आहे. घरी नीट जागा असेल तर ती मला देतील. नाहीतर कॉलेजच्या प्रयोगशाळेला देऊन टाकणार आहेत. आणू?"

राजू एका दमात एवढं बोलली याचंच जवरीलालला इतकं आश्चर्य वाटलं, की ती काय बोलली हे ऐकायचं राहून गेलं. "आणू की," तो म्हणाला.

राजू हसली. मुलीने जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं आणि आपण ते कबूल केलं होतं, एवढं त्याला कळलं. काय कबूल केलं, ते संध्याकाळी कळलं.

जैन घर, त्यामुळे जेवणं सूर्य मावळायच्या आत. पंगतीला जवरीलालची आत्या लाडकुंवरबाई, म्हणजे सगळ्यांच्या भुवाजी, पाटावर बसल्या होत्या, आणि भुवाजींसमोर राजूची आई सज्जनबाई नवऱ्याशी थेट बोलत नसत. घराची रीतच तशी होती. पदर पुढे ओढायचा आणि जे सांगायचं ते मुलीच्या तोंडून सांगायचं, मग नवरा हातभर अंतरावर का बसलेला असेना.

"राजू, बापूजींना विचार, जनावरं आणायची तर ठेवायची कुठे? माझ्या डोक्यावर?"

"बापूजी, कुठे ठेवायची?" राजू म्हणाली. (डोक्याचा भाग ती नेहमी गाळून टाकी.)

"मागच्या अंगणात ठेवू, सांग."

"राजू, बापूजींना सांग, अंगणात शेजारचा बोका येतो. बापूजी दिवसभर दुकानात असतात, त्यांना अंगण कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नसेल."

"बापूजी, बोका आहे."

"मग पिंजरा करून घेऊ, सांग."

भुवाजींनी हातातला घास ताटात ठेवला. "पिंजरा? आपल्या घरात? पर्युषण तोंडावर आलंय, लोक कोंडलेले जीव सोडवतात, आणि तू कोंडणार?"

जवरीलालने चटकन डोकं चालवलं. (हे तो क्वचित करी, आणि नंतर त्याला पस्तावा होई.) "त्यांना आत कोंडायला नाही, भुवाजी. बोक्याला बाहेर कोंडायला."

भुवाजींना हे पटलं. इतकं पटलं की त्यांनी लगेच पुढची व्यवस्था हाती घेतली. आपल्या घरात येणारा जीव आपल्या घरच्या रीतीनेच राहणार. गाजर-मुळा असली कंदमुळं नाहीत. सूर्य मावळल्यावर खाणं नाही. आणि अष्टमी-चतुर्दशीला हिरवं काही नाही.

"भुवाजी," राजू हळूच म्हणाली, "ते हिरवं गवतच खातात."

"मग अष्टमीला वाळलेलं खातील."

आता प्रश्न राहिला मापाचा. घरातल्या कोणीच गिनीपिग पाहिलेला नव्हता. खुद्द राजूनेही नाही. तिने फिरकेबाईंकडच्या पुस्तकात चित्र पाहिलं होतं, आणि बाईंनी जे जे सांगितलं ते सगळं ध्यानात ठेवलं होतं.

"केवढे असतात गं?" जवरीलालने विचारलं.

"फार मोठे नसतात, बापूजी."

जवरीलालच्या जगात सगळ्यात लहान वस्तू म्हणजे अर्धं पोतं. फार मोठं नाही, म्हणजे अर्ध्या पोत्याएवढं, असं त्याने धरलं. शिवाय राजूने त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं. चित्र तिने सुरेख काढलं, केसन् केस काढला, आणि पानभर काढलं. ते पाहून जवरीलालने अर्ध्या पोत्यावर आणखी थोडी सरकी चढवली. चित्रातला प्राणी हात-पाय पोटाखाली दुमडून बसलेला होता, म्हणजे मागचा भाग तर दिसतच नव्हता. तो किती लांब असेल कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी शालिग्राम मिस्तरी आला. तो अमळनेरकडचा.

"शेठ, कोनासाठे घर शे? शेळ्या का कोंबड्या?"

"नाही. पाहुणे आहेत. राजूचे."

शालिग्रामने एकदा जागेकडे पाहिलं, एकदा जवरीलालकडे पाहिलं, आणि मुकाट्याने सागाच्या फळ्या तासायला घेतल्या. दारापर्यंत काम सुरळीत झालं. दाराला कडी लावायची वेळ आली तेव्हा भुवाजी माळ हातात घेऊन बाहेर आल्या.

"कडी बाहेरून लावायची नाही."

"मंग कोठून लावू, अक्का?"

"आतून. ज्याला जेव्हा बाहेर यावंसं वाटेल त्याने उघडावी आणि यावं. बंधनाचं पाप आपल्याला नको."

शालिग्रामने रंधा खाली ठेवला. "शेठ, आतमाईन कडी लावाले त्यास्ले हात शेतस का?"

जवरीलालने चित्र आठवून पाहिलं. पुढचे पंजे तर होते. बोटंही राजूने मोजून काढली होती. "असावेत," तो म्हणाला.

कडी आतून बसली.

आता जळगावच्या त्या गल्लीत ठोकाठोकीचा आवाज झाला आणि कोणी डोकावलं नाही, असं होत नाही. जैनांच्या स्थानकाच्या, म्हणजे प्रवचन-प्रार्थनेच्या जागेच्या, कामांत सदा पुढे असणारे फुलचंदजी डोकावले.

"जवरीलालजी, हे काय?"

"काही जीव यायचे आहेत. त्यांच्यासाठी घर."

"पर्युषणात?"

"हो, त्याच सुमारास."

फुलचंदजींचे डोळे भरून आले. पर्युषणात कसायाच्या हातून जनावरं सोडवायची, त्यांना आसरा द्यायचा, ही रीत गावात सगळेच पाळत. पण त्यासाठी स्वतःच्या अंगणात सागवानी घर? त्यांनी जवरीलालचे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळे पुसत निघून गेले. जवरीलाल गोंधळला. गिनीपिग आणण्यात रडण्यासारखं काय आहे, हे त्याला शालिग्राम मिस्तरीलाही विचारावंसं वाटलं.

त्याचा उलगडा पर्युषणाच्या पहिल्या दिवशी स्थानकात झाला. प्रवचन संपल्यावर फुलचंदजी उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या जवरीलालजींनी मुक्या जीवांसाठी आपलं घर मोकळं केलं आहे. कोणाही जीवाला तिथे आसरा मिळेल. बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नाही, म्हणून मी सांगतो."

जवरीलाल खुलासा करायला अर्धवट उठला. लोकांना वाटलं, तो नमस्कार करायला उठला. सगळ्यांनी हात जोडले. शेजारच्याने त्याला धोतराला धरून खाली बसवलं. "पुरे आता, इतकी नम्रता बरी नाही."

तो बसला. खरं सांगायचं तर बसल्यावर त्याला बरं वाटलं. आजवर सभेत त्याचं नाव फक्त चपला बदलल्या तेव्हाच घेतलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक लंगडी शेळी उभी होती. पाठोपाठ बोदवडकडच्या मोहनलालजींनी खाटकाकडून सोडवलेले दोन बोकड पाठवले. कोणी कोंबड्या आणून दिल्या, आणि कोंबड्यांना सोबत म्हणून कोंबडा. कोणी पोपट आणला, तो शिव्या देत असे, म्हणून त्याच्या पिंजऱ्यावर सज्जनबाईंनी जुनं लुगडं टाकलं. भुवाजी सामायिक, म्हणजे घटकाभराचं ध्यान, करायला डोळे मिटून बसल्या की कोंबडा आरवे आणि पोपट लुगड्याखालून त्याला उत्तर देई. भुवाजींनी त्या दिवसांत राग न करण्याचं व्रत घेतलं होतं. त्यांचे ओठ मात्र फार जोरजोरात हलत.

जवरीलाल प्रत्येकाला सांगायला जाई, "अहो, पण हे घर..."

"हो हो, घर फार छान बांधलंत," म्हणून माणूस दोर त्याच्या हातात देई आणि जाई. नाही म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतंच, आणि आता तर हो म्हणणं हा धर्मही झाला होता.

सज्जनबाईंचे निरोप वाढले. "राजू, बापूजींना सांग, बोकडाने माझी ओढणी खाल्ली. आणखी सांग, की पर्युषण आहे म्हणून मी काही बोलत नाही. संवत्सरी होऊन पर्युषण संपलं की बोलेन."

"बापूजी, बोकडाने ओढणी खाल्ली."

राजू स्वतःचं काहीच बोलत नव्हती. शाळेतून आली की अंगणात जाऊन त्या घरासमोर उभी राही. आत शेळी, शेळीच्या पाठीवर कोंबडी. राजूने एका कोपऱ्यात गवताची छोटी गादी करून ठेवली होती. ती बोकडांनी खाल्ली. तिने दुसरी केली. तीही खाल्ली. शनिवारी ती दुकानाच्या पायरीवर पुन्हा येऊन उभी राहिली.

"बापूजी, ते सोमवारी धुळ्याच्या गाडीने येणार. आधी उद्या फिरकेबाई जागा बघायला येणार." मग ती म्हणाली, "जागा नाही म्हणून सांगू का बाईंना?"

ती रडली असती तर जवरीलालला सोपं गेलं असतं. ती नुसती विचारत होती, आणि उत्तर काय येणार ते धरून चालली होती. जवरीलालने काट्यावरचं पोतं तसंच सोडलं. "जागा आहे," तो म्हणाला. "उद्या बघ तू."

रविवारी सकाळी बायका स्थानकात गेल्या. जवरीलालने दुकानाची बैलगाडी बोलावली. गाडीवान हिलाल. दोघांनी मिळून शेळी चढवली, बोकड चढवले, कोंबड्यांचे पाय न बांधता (भुवाजींची ताकीद होती) त्यांना टोपल्यांखाली झाकलं, पोपट वर ठेवला. जायचं होतं गावाबाहेरच्या पांजरपोळात. तिथे असल्या जीवांची रीतसर सोय होती, आणि हे आपल्याला आधी का सुचलं नाही, असं जवरीलाल स्वतःला विचारत होता. (आधी लोक हात जोडत होते, म्हणून सुचलं नाही.)

गाडी निघणार तोच एक टांगा दारात थांबला. टांगेवाल्याने झाकणाची एक वेताची टोपली पुढे केली.

"शेठ, स्टँडवर कंडक्टरनी दिली. तुमच्याच घरचा पत्ता सांगितला. जीव आहेत म्हणे आत, जपून."

"आणखी!" जवरीलाल म्हणाला. त्या आठवड्यात त्याच्या दारी जीवच येत होते. कोणाकडून, हे विचारायचं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. त्याने झाकण उचलून पाहिलं. आत दोन गुबगुबीत प्राणी एकमेकांना चिकटून बसले होते, एक तपकिरी, एक पांढरा-काळा. घुशींसारखेच, पण काहीतरी कमी वाटत होतं. जवरीलालने त्यांना मागून पाहिलं, पुढून पाहिलं, आणि त्याला भडभडून आलं.

"हिलाल, बघ रे. कोणा चांडाळाने बिचाऱ्यांच्या शेपट्या कापल्यात."

"दोन्हीसन्या?"

"दोघांच्याही. आणि किती साफ कापल्यात बघ, खूणसुद्धा राहिली नाही."

त्याने टोपली मांडीवर घेतली आणि वाटभर हाताने धरून ठेवली, धक्के लागू नयेत म्हणून. पांजरपोळाचे मॅनेजर तोतारामजी गाडीजवळ आले. शेळी उतरवून घेतली, बोकड घेतले, कोंबड्या घेतल्या, पोपटही घेतला. टोपलीपाशी ते थांबले.

"हे काय आहे, शेठजी?"

"घुशी," जवरीलाल ठामपणे म्हणाला. "जखमी."

"घुशी गवत खातात?" टोपलीत गवत होतं.

"दुःखात खात असतील."

तोतारामजींनी मान हलवली आणि टोपली आत नेली. निघताना जवरीलालने त्या दोघांसाठी म्हणून सरकीचं एक पोतं वेगळं दान द्यायचं कबूल केलं. परत येताना त्याला वाटलं, आज आपल्या हातून खरोखरच काही चांगलं झालं.

घरी येऊन त्याने स्वतः ते सागवानी घर धुतलं. (घरातल्या कोणी ते पाहिलं नाही, ही त्याची अजून तक्रार आहे.) वाळलेलं गवत आणून कोपऱ्यात अंथरलं. बायका परत आल्या तेव्हा अंगण शांत होतं. राजू त्या रिकाम्या घरासमोर आली, वाकून आत पाहिलं, मग बापाकडे पाहिलं.  जवरीलालला स्थानकातल्या सगळ्या जोडलेल्या हातांपेक्षा ते बघणं मोठं वाटलं.

तेवढ्यात फिरकेबाई आल्या. बोलणं भरभर, चालणं त्याहून भरभर.

"पोचले ना? माझ्या भावाचं सामान आजच हलणार म्हणून त्याने सकाळच्याच गाडीने धाडले. आत्ता निरोप मिळाला मला. दोघं ठीक आहेत ना? कुठे आहेत?"

"कोण?" जवरीलालने विचारलं.

"गिनीपिग हो! वेताची टोपली. एक तपकिरी, एक पांढरा-काळा."

जवरीलाल ओट्यावर बसला.  थोडं थोडं करत त्याने सगळं सांगितलं. शेपट्यांपर्यंत आला आणि थांबला.

"त्यांना शेपटी नसतेच, बापूजी," राजू म्हणाली.

"एवढेसे होते गं ते," जवरीलाल कळवळून म्हणाला. "मी तर..." त्याने हात पसरून अर्धं पोतं दाखवलं.

"राजू," पदराआडून सज्जनबाई म्हणाल्या, "बापूजींना सांग, पर्युषण आहे म्हणून मी काही बोलत नाही."

राजूने निरोप पोचवला नाही. ती दाराकडे निघाली होती. डोळे भरलेले होते, पण पाय थांबत नव्हते. मग टांगा आला. राजू, फिरकेबाई, जवरीलाल, आणि "मी आल्याशिवाय तुमच्याच्याने काही व्हायचं नाही," म्हणत भुवाजी, असे चौघे पांजरपोळाकडे निघाले.

तोतारामजी नियमाचे पक्के होते. "इथे आत आलेला जीव आम्ही बाहेर देत नाही, शेठजी. उद्या कोणी कसाई येऊन माझाच म्हणेल."

"पण मीच आणले ना सकाळी!"

"तुम्ही घुशी आणल्यात. जखमी. गिनीपिग आमच्याकडे आलेच नाहीत."

"त्या घुशी म्हणजेच गिनीपिग!"

"सकाळी तुम्ही ठाम होता," तोतारामजी म्हणाले. "तुमच्यासारख्या व्यापाऱ्याचा शब्द मी खोटा कसा मानू?"

जवरीलालने फिरकेबाईंकडे पाहिलं, फिरकेबाईंनी आकाशाकडे. तेवढ्यात कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "काका, मला नुसते बघू द्या."

राजू होती. ती तोतारामजींच्या मागोमाग वासरांच्या गोठ्यात गेली. टोपलीतून काढून ठेवलेले ते दोघं भिंतीला अंग घासत थरथरत बसले होते. पुढ्यातलं गवत तसंच होतं.

"सकाळपासून काही खाल्लं नाही," तोतारामजी म्हणाले. "दुखत असेल."

"दुखत नाही, काका. भ्यालेत. त्यांना लपायला जागा लागते. उघड्यावर बसून ते खात नाहीत." राजूने टोपली आडवी करून भिंतीशी ठेवली, आत मूठभर गवत सारलं आणि स्वतः मागे सरकून बसली. आधी तपकिरी पळत आत गेला, मग दुसरा. आतून कुरकुर खाण्याचा आवाज येऊ लागला. "रोज हिरवं लागतं त्यांना," ती म्हणाली, आणि भुवाजींकडे पाहून पुढे म्हणाली, "रोज. अष्टमीलासुद्धा. नाहीतर आजारी पडतात."

एवढं धीट वाक्य त्या घरात भुवाजींना कोणी ऐकवलं नव्हतं. भुवाजी टोपलीतला आवाज ऐकत राहिल्या. मग तोतारामजींकडे वळल्या.

"अष्टमीचा नेम मी पाळते, ते खात असतील तर खाऊ देत. तोताराम, पर्युषणात सगळ्या गावासमोर फुलचंदने आमच्या घराला आसऱ्याचं घर म्हटलंय. मग एका आसऱ्यातून दुसऱ्या आसऱ्यात जीव गेला तर तो बाहेर कसा गेला? दे तिला."

तोतारामजींनी विचार केला आणि टोपली उचलली. "देतो. पण मुलीच्या हातात. शेठजी, तुम्ही जरा लांब उभे राहा."

बाहेर चिखल झाला होता. टांगेवाल्याने चाकांकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं. "येताना उतार होता. आता चढ आहे. एक सवारी कमी करा."

भुवाजी बसलेल्या होत्या. फिरकेबाई बसल्या. राजू टोपली छातीशी धरून बसली. टांगा निघाला तेव्हा तिने मागे वळून पाहिलं आणि हात हलवला. जवरीलालनेही हलवला. टांगा वळणावर दिसेनासा झाला तरी तो तिथेच, फाटकाला टेकून, धोतराचा सोगा हातात धरून उभा होता.

फाटक बंद करायची वेळ झाली. पहारेकरी कौतिक काठी आपटत आला. सकाळी तो कामावर नव्हता, त्यामुळे शेठला ओळखत नव्हता. त्याने जवरीलालला पायापासून पागोट्यापर्यंत पाहिलं.

"तुमले आठे कोन सोडी गया, भाऊ?"

जवरीलालने टांगा गेलेल्या वळणाकडे पाहिलं. "इथे? घरच्यांनीच सोडलं."

कौतिकने समजुतीने मान डोलावली. "आठे बठ्ठासनी तीच गत शे," आतल्या सगळ्या गुरांकडे काठी करून तो म्हणाला, आणि त्याला आत येता यावं म्हणून त्याने फाटक थोडं उघडं ठेवलं.